सैल वात

आमच्या मालनला लग्नानंतर अकराव्या वर्षी मुलगी झाली, त्या सालची ही गोष्ट. दवाखान्यातून चौथ्या दिवशी बाळंतीण घरी आणली. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं. माझे मालक, ज्यांना सगळं घर आप्पा म्हणायचं, सकाळपासून धुतलेला सदरा घालून ओट्यावर उभे होते. त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

"आण इकडं. बघू तरी कुणावर गेलीय."

मालन एक पाऊल मागं सरली.

"आप्पा, आधी हात दाखवा."

"हात काय बघायचे? साबणानं धुतलेत."

"दाखवा तर."

त्यांनी तळवे पुढं धरले. मालननं वाकून वास घेतला आणि बाळ छातीशी घट्ट धरलं.

"विडी ओढून आलात."

"एकच. तीसुद्धा सकाळी."

"डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय. सव्वादोन किलोचं बाळ आहे. धुराचा माणूस जवळ नको. कपड्याला वास असला तरी नको."

"अगं, तुला मांडीवर घेऊन मी विडी ओढायचो. तुला काय झालं?"

"मला जिना चढला की दम लागतो, आप्पा," मालन म्हणाली आणि आत गेली.

आप्पा हात तसेच पुढं धरून उभे राहिले. मग त्यांनी ते मागं घेतले, सदऱ्याला पुसले आणि माझ्याकडं बघितलं.

"मला काय बघताय?" मी म्हटलं. "पोरगी खरं तेच बोलली."

आमचं घर सिन्नरला. आमच्या गल्लीत दर ओट्यावर एक बाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली असायची. मी चाळीस वर्षं वळल्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. कारखान्यात तपासणारा माणूस विडी दोन बोटांत दाबून बघायचा. सैल लागली की बाजूला. त्या बाजूला टाकलेल्या मालाला छाट म्हणतात. माझ्या मालात छाट फार निघत नसे. निघायची ती आप्पांच्या खिशात जायची.

आप्पा मोटारी भरायचे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती बैलगाडीत, नंतर टेंपोत घालून त्यांच्याकडं आणायचे. जळकी तार काढायची, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून गुंडाळायचे, वरून व्हार्निश. मग त्यांच्या पुतण्यानं, सुदामनं, समोरच नव्या मोटारींचं दुकान टाकलं. "जुनी भरत काय बसता, फेका आणि नवी न्या," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. आप्पांच्या दुकानाला कुलूप लागलं त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ते घरी बसून विड्या ओढत होते. दोघं चुलते-पुतणे रस्त्यात समोरासमोर आले की एक जण दुसऱ्या बाजूला जायचा.

हे सांगायचं कारण म्हणजे बाराव्या दिवशीचं कान टोचणं. आमच्यात बाळाला मामाच्या मांडीवर बसवून कान टोचतात. मालन आमची एकुलती एक. सख्खा मामा नाही. मग आजोबांनी बसायचं, अशी रीत. आजोबा नसतील किंवा बाळाच्या आईला चालत नसतील, तर चुलतमामा.

चुलतमामा म्हणजे सुदाम.

रात्री जेवताना आप्पांनी मालनला विचारलं, "मग बाराव्याला मांडी कुणाची?"

"तुमची. पण हाताला वास नसला तर."

"आणि असला तर?"

"तर सुदामदादाला सांगावा धाडते."

आप्पांचा घास हातातच राहिला. "त्या फेकाफेकीवाल्याच्या मांडीवर? उद्या पोरगी रडली तर म्हणेल, ही फेका आणि नवी आणा!"

मालनला हसू आलं, पण तिनं शब्द मागं घेतला नाही.

पुढचे दोन दिवस आप्पांनी नाना प्रकार केले. पेरूचा पाला चावला. हाताला लिंबू चोळलं. बेसन लावलं. संडासाच्या मागं जाऊन ओढायचे आणि तुळशीची पानं तोंडात धरून यायचे. मालन उंबऱ्यातच अडवायची. "आप्पा, आज लिंबू घातलेली विडी ओढलीत का?"

मी ओट्यावर विड्या वळता वळता हसायचे.

"हस, हस," आप्पा म्हणायचे. "घरात कारखाना आणि बंदी फक्त मला."

सहाव्या दिवशी जावई आले. दिगंबरराव जहाजावर फिटर होते. सहा-सहा महिने पाण्यावर. मुलीसाठी रजा काढून आले होते. त्यांनी आप्पांची दशा बघितली आणि संध्याकाळी पिशवीतून चामड्याची छोटी पेटी काढून परसात आणली. आत बोटाएवढ्या जाडीची पितळी नळी होती, वर झाकणासारखं काही होतं, बाटली होती, तारेचं भेंडोळं आणि कापूस होता.

"आप्पा, मी सिगारेट सोडायला हे घेतलं होतं. एका बंदरात मिळालं. ह्यात धूर नाही, वाफ आहे."

"वाफेनं व्यसन सुटत असतं तर इडलीवाल्याच्या पातेल्यापाशीच जाऊन उभा राहिलो असतो."

"बघा तर खरं." जावयांनी वरचं झाकण काढलं. आत दोन बारीक खांब होते, त्यांना स्क्रू. खांबांच्या मध्ये तारेचं इवलंसं भेंडोळं बसवलेलं आणि त्यातून कापूस ओवलेला. "खालच्या नळीत बॅटरी. हे बटण. दाबलं की तार तापते. कापसावर ह्या बाटलीतले चार-पाच थेंब टाकायचे. त्याची वाफ होते, ती ओढायची. वाळला कापूस की परत थेंब. बाकी लोक टाकी असलेलं वापरतात. मला हे आवडतं, सगळं आपल्या हातानं करता येतं."

आप्पा जरा पुढं वाकले. "ही कॉइल कुणी भरली?"

"मीच."

"वेढे सारखे नाहीत."

"माझा हात मोटार भरणाऱ्याचा थोडाच आहे?" जावई हसले. "आणि हे औषध नाही, आप्पा. ह्यातही तंबाखूचा अर्क आहे. सोडायची पायरी म्हणून घ्या, नवं खेळणं म्हणून नको."

खिडकीतून मालनचा आवाज आला. "आणि तेसुद्धा बाळाजवळ नाही! परसातच. नंतर अंघोळ, कपडे बदलायचे, मगच घरात."

"झालं!" आप्पा म्हणाले. "विडीला सोवळं नव्हतं, वाफेला सोवळं आलं."

दिगंबररावांना दुसऱ्या दिवशी आपल्या आईला आणायला येवल्याकडं जायचं होतं, ते थेट बाराव्याला परतणार होते. जाताना त्यांनी खांबांमधलं जुनं भेंडोळं काढून टाकलं, आप्पांनी आपल्या हातानं नवं भरावं म्हणून. एका कागदावर मराठीत सगळं लिहून दिलं आणि कागद माझ्या हातात ठेवला. आप्पांना चष्म्याशिवाय दिसत नसे आणि चष्मा कधी सापडत नसे. मी पंचावन्नाव्या वर्षी बायकांच्या वर्गात अक्षरं शिकले होते. हळू वाचायचे, पण वाचायचे.

दुपारी परसात पोतं अंथरून आम्ही दोघं बसलो. मी बोट ठेवून वाचायला लागले. "पेटीतली तार घ्या. सहा वेढे."

आप्पांनी पेटीतली तार बोटांत धरून वाकवली. "ही कसली तार? करकरीत, गंजकी. जहाजावरच्या माणसाला तारेतलं काय कळतं? थांब."

ते दुकानाचं कुलूप उघडून गेले. दोन वर्षांनी. परत आले ते हातात तांब्याच्या तारेचं रीळ घेऊन, लाल, चकचकीत. टोकांचा मुलामा पात्यानं खरवडला, बारीक स्क्रू-डायव्हरच्या दांड्यावर सहा वेढे असे घातले की दोन वेढ्यांत केसभर फट दिसेना. मी मनात म्हटलं, हात अजून विसरले नाहीत.

"ह्यात लिहिलंय," मी वाचलं, "कापूस घालायच्या आधी बटण दाबून बघा. कॉइल लाल व्हायला हवी."

आप्पांनी कॉइल त्या दोन खांबांत कसली आणि बटण दाबलं. कॉइल लाल झाली नाही. त्यांनी तिला बोट लावून बघितलं आणि खूश झाले.

"बघ, किती गार! कॉइल अशी पाहिजे. तापली ती बिघडली."

"पण कागदात लाल लिहिलंय."

"कागदाला काय—" आप्पांचं वाक्य तिथंच तुटलं. "आई गं! भाजलं, भाजलं!"

कॉइल गार होती, पण खालची नळी तव्यासारखी तापली होती. त्यांनी ती भिरकावली. ती कोंबड्यांच्या घोळक्यात पडली, कोंबड्या चारी दिशांनी उधळल्या आणि एक थेट भिंतीवर चढून बसली. पडल्यावर वरचा भाग सुटून बाजूला गेला आणि बॅटरीचा संबंध तुटला म्हणून बरं. घरातून मालन ओरडली, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "आप्पा सोडताहेत विडी."

आप्पा तळहातावर फुंकर घालत पोत्यावर बसले. सुटलेला वरचा भाग उचलून कॉइल निरखली. मग स्वतःशीच हसायला लागले.

"अगं, चाळीस वर्षं मी कॉइल तापू नये म्हणून झटलो. ही तर तापण्यासाठीच केलीय. ही मोटार नाही, ही शेगडी आहे! तांबं कशाला तापेल? सगळा ताप बॅटरीला गेला. कुठं गेली जावयाची तार?"

जावयाची तार त्यांनी मघाशी घोसाळ्याच्या वेलाला बांधून टाकली होती. ती सोडवताना दोन घोसाळी तुटली. संध्याकाळी त्यांचीच भाजी केली.

दुसऱ्या दिवशी त्या करकरीत तारेची कॉइल भरली. नळी गार झाली होती. बटण दाबलं आणि कॉइल मधल्या वेढ्यापासून दोन्ही टोकांकडं सारखी लाल होत गेली. आप्पा तिच्याकडं असे बघत होते की मालनच्या जन्मावेळीही बघितलं नसेल.

"आता वात," ते म्हणाले. "हे तुझं खातं."

मी कागद वाचला. "कापूस कॉइलमधून सैल ओवा. घट्ट नको." कागद घडी करून मी चोळीत खोचला. जन्मभर मी देवासाठी वाती वळल्या होत्या. सैल वात म्हणजे कामचुकार बाईची. ती भसकन जळते आणि विझते. जहाजावरच्या माणसाला वातीतलं काय कळतं? मी चांगला पिंजलेला कापूस घेतला, बोटाला दूध लावलं, जशी निरांजनाला लावतो तशी मांडीवर ताठ, गुळगुळीत वात वळली आणि कॉइलमधून ओढून घातली. वर आप्पांनी पाच थेंब टाकले, तोंडाला लावलं, बटण दाबलं आणि ओढलं.

त्यांचे डोळे पांढरे झाले. ते खोकत खोकत उभे राहिले.

"काय घातलंस? करपलेला खरवस आहे का हा?"

"दुधाचं बोट लावलंय फक्त."

"दूध? कॉइलला दूध पाजलंस?" ते खोकता खोकता हसायला लागले. "वाच तो कागद. चोळीत लपवलास तो."

मी कागद काढला. वाचला. मान खाली घातली.

"सैल," मी म्हटलं.

"मग?"

"मला सैल येत नाही. हाताला सवयच नाही. विडी सैल झाली तर छाट, वात सैल झाली तर विझते. सैल कसं वळायचं हे मला कुणी शिकवलंच नाही."

आप्पा माझ्यासमोर बसले. कापसाची एक बारीक पट्टी घेतली आणि न वळता माझ्या तळहातावर ठेवली.

"अगं, कापसाला रस प्यायला जागा तर ठेव. आवळून धरलास तर तो पिणार कुठून?"

मी तो कापूस तसाच, न वळता कॉइलमधून ओवला. दोन्ही टोकं कापून खाली सोडली. पाच थेंब पडले, ते कापसानं एका क्षणात पिऊन टाकले. आप्पांनी हळूच ओढलं. पांढरी जाड वाफ बाहेर आली आणि सगळ्या परसात पिकलेल्या आंब्याचा वास पसरला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेवंताबाई कुंपणावरून डोकावल्या. "काय गं, मार्गशीर्षात आंबे? लेकीचे डोहाळे संपले ना आता?"

"आप्पांना लागलेत," मी म्हटलं.

पुढचे दिवस मी आप्पांना बघत होते. आधी मला वाटलं, आता हे विडी सोडून ही नळी दिवसभर तोंडात धरतील. तसं झालं नाही. ओढायचे थोडं. पण दिवसभर ते भरतच बसले. सहा वेढ्यांची, आठ वेढ्यांची, दोन तारा एकत्र पिळून. एक भरायची, लाल होते का बघायचं, सोडवायची, पुन्हा भरायची. जेवायला तीन हाका माराव्या लागायच्या. चष्मा सापडला होता. नवव्या दिवशी मी त्यांचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात छाटीच्या विड्यांचा जुडगा तसाच होता. दोऱ्याची गाठसुद्धा सुटली नव्हती.

"अहो, ह्या विड्या?"

"अरे, राहिल्याच की," ते म्हणाले आणि परत तारेकडं वळले.

अकराव्या दिवशी सकाळीच त्यांनी नळीतली बॅटरी काढून माझ्याकडं दिली. "उद्या टोचेपर्यंत हेही नको. तुझ्याकडं ठेव. मागितली तरी देऊ नकोस." संध्याकाळी दोनदा मागितली. मी दिली नाही. रागानं त्यांनी घोसाळ्याचा सगळा मांडव नव्यानं बांधला.

बाराव्याला सोनार आला. दिगंबरराव आईला घेऊन आले. मालननं सांगावा धाडलेलाच होता, त्यामुळं सुदामही आला. कडक इस्त्रीचा पांढरा लेंगा घालून. तो भिंतीशी पाटावर मांडी घालून तयारच बसला. आप्पा समोर उभे.

मालन बाळ घेऊन बाहेर आली.

"आप्पा, हात."

आप्पांनी तळवे पुढं केले. एका तळव्यावर भाजल्याचा तांबूस डाग होता. मालननं वास घेतला. पुन्हा घेतला. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"कशाचा वास येतोय हा?" ती म्हणाली.

आप्पा घाबरले. "कशाचा? नाही गं. काल सकाळपासून काही नाही. तुझ्या आईला विचार. तारेचा असेल. तार हाताळली ना दिवसभर."

"तारेचाच आहे," मालन म्हणाली. "मी शाळेतून दुकानात यायचे तेव्हा तुमच्या हाताला असाच वास यायचा."

तिनं बाळ त्यांच्या हातात दिलं.

सुदाम उठला, पाट आप्पांच्या बाजूला सरकवला आणि म्हणाला, "बसा काका. माझा लेंगा उगाच ओला झाला असता." आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. "बस तूही. पोरगी फेकायची नाही, एवढं लक्षात ठेव." सगळ्यांना हसू फुटलं, सुदामलाही.

सोनारानं तार टोचली. बाळानं टाहो फोडला. आप्पांना थोपटता येईना, त्यांचेच डोळे भरले होते. मी पुढं झाले, हात पसरले. "द्या इकडं, आजीकडं द्या."

आप्पांनी बाळ माझ्याकडं दिलं नाही. त्यांनी मालनकडं बघितलं. मालननं मान खाली घातली.

मला कळलं. खूप उशिरा कळलं. मालन रोज माझ्या हातातून बाळ घ्यायची ती लगेच बाळाचं टोपडं बदलायची. अंघोळ घालायला मी पुढं झाले की "आज मीच घालते, आई" म्हणायची. मला वाटायचं, अकरा वर्षांनी झालंय, हौस आहे. मी माझे हात नाकाशी नेले. चाळीस वर्षांची तंबाखू. नखांत, रेघांत, कातडीच्या खाली.

"मला का नाही बोललीस?" मी विचारलं.

"तुझ्या विड्यांवर मी शिकले, आई," मालन म्हणाली. "तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

"आणि तुम्हाला माहीत होतं?" मी आप्पांना म्हटलं.

"पहिल्या दिवसापासून," ते बाळाला झुलवत म्हणाले. "म्हटलं, आधी माझं होऊ दे. मग तुला सांगायला तोंड राहील."

मी बाजूला झाले. ओट्याच्या कोपऱ्यातलं सूप उचललं, त्यातली तंबाखू उकिरड्यावर झाडली आणि सूप धुऊन उन्हात पालथं घातलं. मग चुलीतली राख घेऊन हात घासत बसले. शेवंताबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अगं, कातडी निघेल."

"निघू दे," मी म्हटलं. "नवी येईल. सुदामच म्हणतो ना."

विडी मी परत वळली नाही. पहिले काही महिने बोटं रिकामी असली की आपोआप वळायला लागायची. मग आप्पांनी मला कापसाचा गठ्ठा आणून दिला. मी वाती करून देवळापुढं विकायला लागले. देवाच्या ताठ, दुधाचं बोट लावलेल्या. तीन महिन्यांनी माझ्या हाताचा वास घेऊन मालननं बाळ माझ्याकडं दिलं. तोवर आप्पा मला चिडवायला दिवसातून दहादा तिला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसायचे.

जावयांनी दिलेली बाटली शिमग्यापर्यंत संपली. दुसरी आप्पांनी मागितली नाही. नळी पेटीत गेली. पुढं सरकारनं असली यंत्रं विकायला बंदीच घातली, पण ते बघायला आप्पा नव्हते. कॉइल भरणं मात्र सुटलं नाही. सुदामच्या दुकानात मागच्या बाजूला एक बाकडं टाकलं होतं. जुन्या मोटारी फेकून द्यायच्या आधी तिथं आप्पांना दाखवायची पद्धत पडली.

ती पेटी अजून माझ्या कपाटात आहे. आत सहा वेढ्यांची कॉइल आहे आणि तिच्यात मी ओवलेली वात, वाळलेली. आता तिला आंब्याचा वास येत नाही. ईश्वरी, म्हणजे आमची नात, परवा ती हातात घेऊन म्हणाली, "आजी, ही वात किती सैल आहे."

"सैलच लागते," मी म्हटलं.

आप्पा गेले ते २०१८ सालच्या पौषात, मंगळवारी सकाळी, चहा पिऊन झाल्यावर. ईश्वरी तेव्हा पाच वर्षांची होती.